घरच्या व्हिडिओची डीव्हीडी करायला कुठलं सॉफ्टवेअर? माझं मत डीव्हीडीस्टायलरला

पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कोण बनवतं असं विचारणारे विचारोत, पण आमच्याकडच्या सत्तरीपुढच्या मंडळींना डिस्क टाकली, रिमोटचं बटण दाबलं आणि समोर हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात अशी यादी आली की बरं वाटतं, फायली शोधत बसायला नको. अशा कामासाठी मी डीव्हीडीस्टायलर वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, आणि घरगुती कामाला याच्या पुढे जायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एक अपवाद आहे, तो खाली येईलच.

बाकीचे पर्याय म्हणाल तर निम्मे आता इतिहासजमा. विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयता मिळायचा, ८ पासून काढून टाकला. ॲपलचं आयडीव्हीडी दिसायला देखणं, पण २०११ पासून नव्या मॅकसोबत यायचं बंद झालं. ॲडोबी एन्कोर २०१२ च्या सीएस६ वरच थांबलं. डीव्हीडी फ्लिक सोपं आहे पण २००९ नंतर फारसं पुढे सरकलेलं नाही आणि मेन्यू अगदीच बेताचे.

स्टायलर दिसायला जुनाट आहे हे मान्य, पण उघडल्या उघडल्या ते जे विचारतं तेच खरं महत्त्वाचं असतं: पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, दुसरी अमेरिकेतली), डिस्क ४.७ जीबी की ८.५ जीबी, चित्र ४:३ (जुन्या टीव्हीसारखं) की १६:९ (रुंद). आपल्याकडे पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. कॉपी अमेरिकेतल्या भाचीला पाठवायची असेल तर वेगळी एनटीएससी कॉपी करा, कारण तिकडचे बरेच प्लेयर पाल घेत नाहीत, आणि रीजन कोडचा (डिस्क कुठल्या देशांत चालेल ते ठरवणारं कुलूप) याच्याशी काहीएक संबंध नाही, लोक उगाच तिथे अडकतात.

बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा मिळतो ते, ऑटोवर ठेवला तर जेवढा व्हिडिओ तेवढा स्टायलर दाबून बसवतं, आणि इथेच घात होतो. ४.७ जीबीत दोन तास घातले तर साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात, चित्र ठीक येतं. तीन तास कोंबले की साडेतीनच्या खाली, मग वरातीतल्या नाचात आणि फटाक्यांत नुसते चौकोन दिसतात. त्यापेक्षा दोन डिस्क करा, डिस्क काय महाग नाही. आणि कॅसेट कोणी डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवून दिली असेल तर तो व्हिडिओ आधीच एमपेग-२ (डीव्हीडीला लागणारा फॉरमॅट) असतो, मग प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट 'कॉपी' निवडायचा, पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबला जात नाही, दर्जा तसाच राहतो आणि वेळ वाचतो तो वेगळाच. मिनीडीव्ही कॅसेटचा व्हिडिओ असेल तर इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, म्हणजे फील्डमध्ये) आणि बॉटम फील्ड आधी अशी सेटिंग आहे ना हे तपासा, उलटं झालं की माणसं चालताना थरथरतात, आणि हे कॉम्प्युटरवर कळत नाही, टीव्हीवर कळतं!

मेन्यूबद्दल जरा जास्त सांगतो कारण मराठीत काम करणाऱ्याला खरा त्रास तिथेच. डीव्हीडीच्या मेन्यूत बटणावर जो हायलाइट येतो त्याला एका वेळी चारच रंग मिळतात, पारदर्शक धरून, त्यामुळे अक्षरांच्या कडा गुळगुळीत येत नाहीत आणि जोडाक्षरं तर दातेरी दिसतात. म्हणून अक्षरं बटणात टाईपच करायची नाहीत. गिंपमध्ये (चित्रं करायचं फुकट सॉफ्टवेअर) ७२० बाय ५७६ चं चित्र करा, नावं मोठ्या ठळक फॉन्टमध्ये त्यातच लिहा, ते बॅकग्राउंड म्हणून लावा आणि वर फक्त चौकट किंवा बाण असलेली बटणं ठेवा. कडेला चांगली जागा सोडा, जुने टीव्ही चारी बाजूंनी कापतात. मग कुठलं बटण दाबल्यावर कुठे जायचं हे बटणागणिक ठरवता येतं, ही सोय फुकटातल्या फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

आता तो अपवाद. तासन् तासांच्या एमपेग-२ फुटेजमधून तुकडे कापायचे असतील तर टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स बघा. विकतचं आहे, फक्त विंडोजवर चालतं, पण कापलेल्या जागेपुरतंच नव्याने एन्कोड करतं, बाकी व्हिडिओला हात लावत नाही. एका लग्नासाठी मात्र विकत घेऊ नका, आधी ट्रायल वापरा.

शेवटच्या पायरीला थेट बर्न करू नका. आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून प्रत्येक बटण दाबून बघा, मग इमेजबर्नने (डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर) ४एक्स किंवा ८एक्स वेगाला लिहा आणि व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं तपासून बघायची, टिक काढू नका. डिस्कवर नाव मार्करने लिहा, कागदी स्टिकर नको, कडा सुटली की प्लेयरमध्ये अडकतो.