मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग: एक कापूस हंगाम वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर मी काट्याचा कंप्युटर सांभाळतो. सगळ्या पावत्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतात. दिवाळीनंतर गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि नेमकं तेव्हाच कास्तकाराचा मोबाइल नंबर टाकला की पडद्यावर चकरी फिरत बसायची. सात-आठ सेकंद. "भाऊ, पट्टी निघून राहिली का मशीन झोपली?" हे दिवसातून वीसदा ऐकायचं. मालकांनी रॅम वाढवून दिली, फरक शून्य. पुढे कळलं की बफर पूल (डेटाबेस माहिती हाताशी ठेवायला रॅममधली जी जागा वापरतो ती) मूळच्या १२८ एमबीवरच होता, नव्या रॅमला सर्व्हर शिवलाच नव्हता.

शेवटी नोव्हेंबरात हा स्लो क्वेरी लॉग चालू केला. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न; ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेऱ्या हा लॉग फाइलीत टिपतो. तो मुळात बंदच असतो. दोन दिवस फाइल कोरी! मर्यादा मूळची १० सेकंदांची आणि आमची क्वेरी आठात आटपणारी. मर्यादा १ सेकंदावर आणली, तरी काही नाही, कारण ती आधीपासून जोडलेल्या कनेक्शनला लागत नाही. काट्याचं सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं तेव्हा पहिली नोंद पडली: पाठवलेल्या ओळी ११, तपासलेल्या ३,८७,४१२. अकरा पावत्यांसाठी सहा हंगामांचं अख्खं बाड चाळणं चालू होतं.

बरं, मोबाइलच्या रकान्यावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, झटपट शोधायची सोय) होता. मग घोडं अडलं कुठे? रकाना व्हारकॅरचा, म्हणजे मजकुराचा, आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय. मजकुराच्या रकान्याची तुलना आकड्याशी केली की मायएसक्यूएलला तो इंडेक्स वापरताच येत नाही. दोन चिन्हं टाकली. क्वेरी कशी चालणार ते सांगणाऱ्या एक्सप्लेनमध्ये 'ऑल'च्या (सगळ्या ओळी चाळणं) जागी 'रेफ' (इंडेक्सवरून शोधणं) आलं आणि एंटर दाबताच पट्टी. एवढ्यासाठी दोन हंगाम शिव्या खाल्ल्या!

रोजच्या आवक रजिस्टरचंही तसंच. तारखेच्या रकान्याला डेट फंक्शनमध्ये गुंडाळलं होतं, म्हणून तिथला इंडेक्स निकामी. 'आजपासून उद्याच्या आत' असं लिहून मोकळा झालो.

तक्रारी आहेतच. सेट ग्लोबल या आज्ञेने चालू सर्व्हरवर केलेली सेटिंग सर्व्हर बंद पडला की पुसली जाते, आणि आमच्याकडे लाइन जायला मुहूर्त लागत नाही. चार दिवस लॉग बंद होता, मला पत्ताच नाही. आता आठव्या आवृत्तीतलं सेट पर्सिस्ट वापरतो, त्याची सेटिंग सर्व्हर बंद पडूनही टिकते. लॉगचा गोषवारा काढणारं 'मायएसक्यूएलडंपस्लो' पर्लमध्ये लिहिलंय, म्हणजे विंडोजवर आधी पर्ल टाका. रात्रीच्या बॅकअपच्या क्वेऱ्याही त्याच फाइलीत येऊन कचरा करतात. आणि लॉग फक्त दुखतंय कुठे ते दाखवतो, औषध आपणच शोधायचं.

मालकांचा हंगामअखेरचा हिशेब मात्र अजून चाळीस सेकंद घेतो. त्याला सगळ्याच ओळी लागतात, तिथे इंडेक्स काय करणार. तो मी जेवायला जाताना लावून जातो.