म्हातारीचे केस घरी: यंत्र घ्यावं, भाड्यानं आणावं की नाक्यावरचं पाकीट बरं?

साखरेच्या कापसाचं यंत्र घेताना लोक किंमत बघतात, रंग बघतात, वाडगं केवढं आहे ते बघतात. मला कुणी विचारलं, ‘घेऊ का गं?’ तर मी आधी विचारते, तुम्ही राहता कुठे? पुणं, सोलापूर, जालना म्हणालात तर पुढे बोलू. वसई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी असेल तर जरा थांबा.

माझ्याकडे ओट्यावर ठेवायचं छोटं विजेचं यंत्र आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. मार्चमधल्या एका दुपारी पुण्यात त्यातून असा कापूस निघाला की शेजारच्या काकू वाटी घेऊन बघायला आल्या. तेच यंत्र जुलैत नणंदेकडे वसईला नेलं, भाच्याचा वाढदिवस होता म्हणून. पहिली काडी भरेपर्यंत सगळं छान. दुसरी भरत होते तोवर पहिली बसली. एवढा फुगलेला गोळा बघता बघता आक्रसला आणि काडीला डिंकासारखा चिकटला. नणंद म्हणाली, “वहिनी, म्हातारीनं केस धुतले वाटतं आज.”

यंत्राचा दोष नव्हता. आत काय होतं ते एकदा कळलं की निम्मी निवड आपोआप होते. यंत्राच्या मधोमध एक धातूची वाटी असते. तिच्यात साखर घालायची. खालची कॉइल साखर वितळवते. साखर वितळायला १८५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. वाटी गरगर फिरत असते, त्यामुळे पाक तिच्या बारीक भोकांतून बाहेर फेकला जातो आणि हवा लागताच थिजतो. इतका झटकन थिजतो की पुन्हा दाणे धरायला साखरेला सवडच मिळत नाही. तयार होते ती साखरेची काच, केसाहून बारीक तारांची. ही काच हवेतलं पाणी ओढून घेते. हवेत आर्द्रता तीस-पस्तीस टक्के असेल तर कापूस उघड्यावरही बराच वेळ तग धरतो. पंच्याहत्तरच्या घरात गेली की तासाभरात त्याचा जीव जातो. जुलैतल्या वसईबद्दल तर बोलायलाच नको.

संक्रांतीचा हलवा घरी करणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. हवा कोरडी असल्याशिवाय तिळावर काटा फुलत नाही, म्हणून हलव्याची परात थंडीतच शेगडीवर चढते. कापसाचाही मोसम तोच धरा: दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत.

आता एकेक पर्याय घेऊ.

नाक्यावरचं पाकीट सगळ्यात सोपं. घंटी वाजते, उंच काठीला बांधलेली गुलाबी पाकिटं दिसतात, वीस-तीस रुपयांत काम होतं. घरात एकच मूल, आणि त्याला ही हुक्की महिना-दोन महिन्यांतून एकदा येत असेल, तर यंत्राचा विचारही करू नका. माझा आक्षेप फक्त रंगाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूत या मिठाईच्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं आणि तिच्यावर बंदी आली. मार्चमध्ये कर्नाटकानं कॉटन कँडीतल्या आणि गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. रोडामाइन-बी हा कापड आणि कागद रंगवायचा रंग, खाण्याचा नव्हेच. प्रत्येक फेरीवाला तोच घालतो असं मुळीच नाही, आणि खाद्यपदार्थांत चालणारे लाल-गुलाबी रंग आहेतच. पण पाकिटावर ना नाव ना पत्ता, आत काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही. अगदीच झगझगीत गुलाबी असेल तर मी घेत नाही. पांढरा मिळाला तर आनंदानं घेते आणि तिथंच, उभ्या उभ्या खाते.

दुसरा पर्याय भाड्याचा. माणूस मोठं यंत्र घेऊन येतो, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा पार्किंगमध्ये मांडतो, दोन-तीन तास काड्या भरून देतो. आम्हाला एकदा तीन तासांचे अडीच हजार सांगितले होते, साखर-काड्यांसह. ऐकायला महाग वाटतं, पण हिशेब करा. त्याची एक काडी अर्ध्या-पाऊण मिनिटात भरते. घरच्या यंत्राला एका काडीमागे दोन-अडीच मिनिटं लागतात, कारण दर वेळी थांबवा, साखर घाला, पुन्हा चालू करा, पहिली तार सुटायची वाट बघा. तीस मुलं म्हणजे सव्वा तास. शिवाय छोट्या यंत्राची मोटर सलग चालवायची नसते. माझ्याच्या माहितीपुस्तिकेत पंधरा मिनिटांनंतर विश्रांती द्या असं लिहिलंय. म्हणजे केक कापून झाला, फुगे फुटले, मुलं घरी जायला निघाली आणि तुम्ही अजून अठराव्या काडीवर. दहाच्या वर मुलं असतील तर भाड्याचंच आणा. ठरवताना दोन गोष्टी बोलून घ्या: रंग कुठला घालता ते पाकिटासकट दाखवा म्हणावं, आणि यंत्र विजेवरचं की गॅसवरचं ते विचारा. बंद हॉलमध्ये मुलांच्या गराड्यात सिलिंडर मला नको वाटतो.

मोठं स्टीलचं यंत्र विकत घेणं हा तिसरा पर्याय, पण ज्यांना जत्रेत किंवा खाऊगल्लीत उभं राहायचंय त्यांच्यासाठी. घरात ते ठेवणार कुठे? आणि नेटवर दिसणारं ते काटा पाकात बुडवून हवेत झटकायचं तंत्र, ते मी एकदा केलं. केकवर ठेवायला चार तारा मिळाल्या आणि फरशी दोन दिवस पायाला चिकटत होती.

राहिलं ओट्यावरचं. बाजारात साधारण दीड-दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत मिळतं, चारशे-पाचशे वॅटचं. यातही दोन जाती आहेत. काहींत फक्त साखर चालते, तर काहींत साखरेबरोबर कडक गोळ्याही. पाचशे रुपये जास्त पडले तरी दुसरी घ्या, कारण रंगाचा प्रश्न तिथंच मिटतो. लिमलेटची किंवा संत्र्याची गोळी टाकली की रंग आणि वास गोळीतूनच येतो, आणि गोळीच्या पाकिटावर घटक छापलेले असतात. रावळगावच्या गोळ्यांचा डबा बघत मोठं झालेल्यांना त्या वासानं एकदम दुसरी-तिसरीतली मधली सुट्टी आठवेल. मात्र गोळी नुसती कडक असावी. दुधाची टॉफी, चॉकलेट किंवा मधे मसाला भरलेली कैरीची गोळी टाकलीत तर वाटीतच जळेल आणि भोकं बुजतील. फार आंबट गोळ्यांचा कापूसही लवकर चिकट होतो, कारण आम्लामुळे तापल्यावर साखर फुटते आणि फुटलेली साखर पाणी आणखी जोरात ओढते.

साखर नेहमीचीच चालते, पण जाड दाण्याची. वाण्याकडे एम-३० मागा. एस-३० चा दाणा बारीक, तो वितळायच्या आधीच भोकांतून उडून वाडग्यात पडतो. पिठीसाखरेचं तर नावच काढू नका. गूळ घालून ‘पौष्टिक’ करायचा मोह मला झाला होता. वाटी घासायला एक संध्याकाळ गेली. वेलचीपूड, केशर, काहीही वाटीत घालू नका. वेलचीच हवी असेल तर झालेल्या कापसावर चिमूटभर भुरभुरवा. द्रव रंगाचा थेंब साखरेत टाकला तर साखर ओली होऊन गुठळ्या होतात. तोच प्रयोग करायचा असेल तर रंगवलेली साखर ताटात पसरून आदल्या रात्रीच वाळवून ठेवा. आम्ही पांढराच करतो. मुलांनी पहिल्यांदा नाक मुरडलं, दुसऱ्या काडीला विसरली.

हात बसायला मात्र पाच-सहा काड्या वाया जाऊ द्याव्या लागतात. यंत्र रिकामं चार-पाच मिनिटं तापू द्यायचं, मग बंद करायचं, वाटी पूर्ण थांबल्यावर सोबतच्या चमच्यानं साखर घालायची आणि पुन्हा चालू. फिरत्या वाटीत साखर घातली तर ती दाण्या-दाण्यानं तुमच्या तोंडावर येते. मिनिटभर काहीच घडत नाही, फक्त घरघर. मग वाडग्याच्या कडेला कोळ्यानं जाळं धरावं तशी एक पांढुरकी तार दिसते. इथं घाई करायची नाही. काडी थोडी ओलसर करून त्या तारेला लावायची, तार धरली की वाडग्याच्या कडेकडेनं फिरवत न्यायची आणि त्याच वेळी बोटांत काडीही गोल गोल फिरवायची. दोन फिरणी एकदम जमायला वेळ लागतो. गोळा जरा बाळसं धरायला लागला की काडी आडवी करून वाडग्याच्या वर उचलायची, म्हणजे तारा वरून सैल बसतात. काडी आतच दाबत राहिलात तर कापसाची सुतळी होते. करपल्याचा वास आला किंवा तारा पिवळट दिसल्या तर ताबडतोब बंद करा.

आणि मुलांना हातभर लांब ठेवा. माझा सगळ्यात मोठा आग्रह इथं आहे. वाटीतला पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. काडी फिरवायची हौस आठ-दहा वर्षांच्या मुलाची भागवता येते, पण शेजारी उभं राहून, आणि साखर मोठ्यांनीच घालायची. तारा उडतात ते वेगळंच. पहिल्या दिवशी माझ्या चष्म्यावर, मिक्सरच्या झाकणावर आणि देवघराच्या पडद्यावर बारीक जाळी धरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंग्यांची रांग थेट पडद्यापर्यंत. तेव्हापासून ओट्यावर आणि खाली रद्दी पसरते, पंखा बंद करते.

धुणं वाटतं तेवढं वाईट नाही, साखरच ती, गरम पाण्यात विरघळते. वाडगं सुटं निघतंय ना, वाटी हातानं खोलता येते ना, एवढं घेण्याआधी नक्की बघा. मोटरचा भाग नळाखाली धरायचा नाही. तळाला रबरी चूषक असतील तर बरं, नाहीतर वाटीचा तोल जरा चुकला की यंत्र ओट्यावर चालायला लागतं. आणि वाटी सुटी, वेगळी विकत मिळते का ते विचारून ठेवा, कारण आधी तीच बिघडते.

पैशांचं म्हणाल तर एका काडीला पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन चहाचे चमचे. पंचेचाळीस रुपये किलोनं सत्तर पैसेसुद्धा होत नाहीत. अर्धा तास यंत्र चाललं तर पाव युनिटच्या आत वीज. पंचवीस रुपयांचं एक पाकीट धरलं तर अडीच हजारांचं यंत्र वसूल व्हायला शंभरावर काड्या हव्यात. मी तीन वर्षांत साठ-सत्तर केल्या असतील. म्हणजे हिशेबानं अजून तोट्यातच आहे, आणि तुम्हीही बहुधा राहाल. पैसे वाचवायला हे यंत्र घेऊ नका. साखर कमी खातील म्हणून तर नकोच; पंधरा ग्रॅम म्हणजे साठ कॅलरी, हे खरं तर फार नाही, पण घरचं म्हटल्यावर एका काडीवर कोण थांबतंय?

मग घ्यावं कुणी? कोरड्या गावात राहणाऱ्यानं, घरात चार ते दहा वयाची दोन-तीन मुलं असतील तर, आणि ज्याला केल्या केल्या खायला घालण्यात मजा वाटते त्यानं. डब्यात भरून शाळेत द्यायचा असेल तर नको. पाकिटातला कापूस टिकतो तो प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं असतं म्हणून. घरी तसंच झिपच्या पिशवीत हवा धरून ठेवला तर माझा कोरड्या दिवसांत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला, पावसाळ्यात संध्याकाळपर्यंतही नाही.

किनाऱ्यावरच्यांसाठी एक पळवाट आहे. वसईच्या त्या दिवशी शेवटी आम्ही यंत्र बेडरूममध्ये नेलं, दारं-खिडक्या लावून तासभर एसी चालवला, कारण एसी थंडाव्याबरोबर हवेतलं पाणीही काढून घेतो. मग झोत कापसावर येऊ नये म्हणून काड्या भरताना तो बंद ठेवला. सहा काड्या धड निघाल्या. मुलांना एकेक करून आत बोलावलं, पलंगावर जुनी चादर अंथरून बसवलं आणि सांगितलं, इथंच संपवायचं, बाहेर न्यायचं नाही. जो बाहेर घेऊन पळाला त्याची मिठाई हॉलच्या दारापाशीच निम्मी झाली.

गंमत म्हणजे हे यंत्र शोधणाऱ्या दोघांपैकी एक दंतवैद्य होता. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे विल्यम मॉरिसन आणि मिठाईवाले जॉन व्हार्टन यांनी १८९७ मध्ये ते बनवलं आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यातला कापूस ‘फेअरी फ्लॉस’ म्हणून विकला. फ्रेंच लोक याला बाबांची दाढी म्हणतात. आपल्याकडे रुईच्या उडत्या बीलाही म्हातारीच म्हणतात, तेव्हा आपलं नाव मला जास्त पटतं.

माझं यंत्र पहिल्या पावसाला पुसून माळ्यावर जातं आणि दिवाळीचे कंदील ठेवायला कुणी वर चढलं की खाली येतं. मधे कुणी मागितलं तर देते. नणंदेनं स्वतःचं काही घेतलं नाही. ती जानेवारीत पोरांना घेऊन पुण्याला येते आणि दारातूनच विचारते, “वहिनी, म्हातारी उतरवलीस का खाली?”