विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर काय बोलायचं? शनिवारचा हा वर्ग जरूर करा

आमच्या नगरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी एक वर्ग चालतो. ऑफिसात, कॉलेजात, शेजारीपाजारी कुणी आपल्या विश्वासाबद्दल विचारलं तर काय बोलायचं आणि कसं बोलायचं, एवढाच विषय. फी 200 रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि चहा. माझी बॅच नुकतीच संपली, बऱ्याच जणांनी कसा आहे विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की वादात जिंकायला शिकायचं असेल तर इथे येऊ नका. वर्ग घेणारे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू, आमचे सर) सुरुवातीलाच बायबलमधलं 1 पेत्र 3:15 काढायला लावतात, आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण ते म्हणाले पुढचं वाचा, ते उत्तर सौम्यतेने द्यायचंय. सगळा कोर्स त्या सौम्यतेवर उभा आहे आणि मला तो त्यासाठीच आवडला.

प्रश्नही आपल्याला रोज ऐकू येतात तेच घेतलेत. सगळ्यात छान झाला तो प्रसादाचा सेशन. एकाने शेजारी व्हायचं आणि सत्यनारायणाचा शिरा पुढे करायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तरुण संघातला एक मुलगा लगेच वचनं सांगायला लागला, तर समोरच्याचा हात द्रोणासकट तसाच हवेत राहिला! मग महिला संघातल्या एक मावशी उठल्या, दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आठवणीने आणलंत, फार बरं वाटलं, पण आमच्यात देवापुढे ठेवलेलं घेत नाहीत, राग मानू नका, चहा टाकते, बसा ना जरा." बस, एवढंच. वहिनी बसल्या की विचारणारच का घेत नाहीत, आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं. नंतर बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले 8 आणि 10 हे दोन्ही अध्याय वाचले, ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल किती बारकाईने लिहिलंय बघा, स्वतःच्या मोकळिकीबरोबर समोरच्याच्या विवेकाचाही विचार केलाय. वर्गात यावर एकमत झालं नाही आणि सरांनी ते ओढूनताणून केलंही नाही, हे मला बरोबर वाटलं.

"तुमचा धर्म इंग्रजांनी आणला" याला तर भरपूर माहिती मिळाली. केरळातले ख्रिस्ती पोर्तुगीज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून आहेत, त्यांच्या परंपरेनुसार येशूचा शिष्य संत थोमा इ.स. 52 मध्ये तिथे आला. आणि आपल्याकडे म्हणाल तर 1813 ला मुंबईत उतरलेले हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी, त्यांना कंपनी सरकार परत पाठवायलाच निघालं होतं. नगरला त्याच मिशनचं काम 1831 पासून. हे आपल्या पोरांना माहीतच नसतं हो!

"तांदळासाठी बाटले", म्हणजे पोटासाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा ऐकला की आतून जळतं, खोटं कशाला बोलू. इथे सरांनी काहीही लपवलं नाही. 1876-78 च्या दुष्काळानंतर या भागात खूप लोक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आले, त्यात महार आणि मांग समाजाचे पुष्कळ होते, हे त्यांनी सरळ मान्य केलं. पण पोट भरल्यावर पिढ्यानपिढ्या कोण कशाला टिकेल? ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांना शाळा मिळाली, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर एका भाकरीतून खायचं प्रभुभोजन मिळालं. शिवाय 1950 च्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्यांना एससीच्या सवलती नाहीत, म्हणजे ख्रिस्ती राहून पदरचं जातंच. तुमच्या आजीची गोष्ट सांगा, सर म्हणाले, आजीला कुणी खोडून काढू शकत नाही.

बायबल बदललं म्हणणाऱ्यांसाठी मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीतल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एक) तुकड्याचा फोटो सगळ्यांच्या हातात फिरवला, साधारण दुसऱ्या शतकातला, खेळायच्या पत्त्याएवढा पपायरस (जुन्या काळचा वनस्पतीपासून केलेला कागद), दोन्ही बाजूंनी ग्रीक अक्षरं. पुनरुत्थानावरही, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला यावरही, सर चांगलं बोलले, त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नसताना चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी बायकाच पोचतात, मनाने रचणाऱ्याने असं कशाला लिहिलं असतं?

उणीव सांगायची तर नोट्स. देवाच्या अस्तित्वावरचे धडे इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवल्यासारखे आहेत, वाक्य दोनदा वाचूनही कळत नाही, आणि देव आहे तर दुःख का, या प्रश्नाला जेमतेम अर्धा तास दिला. ज्याचं मूल गेलंय तो विचारतो तेव्हा काय, यावर आख्खा एक शनिवार हवा होता. सर म्हणाले तिथे आधी गप्प बसून हात धरायचा, ते पटलं, पण त्यानंतर काय?

तरी दहावी-बारावीच्या मुलांना नक्की पाठवा, पुण्याला हॉस्टेलवर जायच्या आधी. पुढची बॅच नाताळनंतर आहे, नावं चर्चच्या ऑफिसात उपासनेनंतर घेतात. नोट्स तेवढ्या मावशींकडून साध्या मराठीत लिहून घ्या अशी आयोजकांना कळकळीची विनंती.