माइलेज अलाउन्स रिलीफ: वर्षभर वापरून (आणि पोस्टकोडच्या रकान्याबद्दल जरा जास्तच)

आपल्याकडे माइलेज म्हटलं की गाडी लिटरला किती देते हा प्रश्न. ब्रिटनमध्ये माइलेज म्हणजे तुम्ही कामासाठी किती मैल गाडी चालवली आणि त्याचे कंपनीने किती पेन्स दिले. पेस्लिपवर मैलामागे २५ किंवा ३० पेन्स दिसतात, ब्रिटनच्या करखात्याचा (एचएमआरसी) मान्य दर ४५ आहे, मधला फरक कुठे जातो हे ज्यांना माहीत आहे पण ज्यांनी अजून दावा केलेला नाही, त्यांच्यासाठी माइलेज अलाउन्स रिलीफचा, म्हणजे त्या फरकावर मागता येणाऱ्या करसवलतीचा, हा अनुभव. पी८७ हा दाव्याचा फॉर्म कुठे मिळतो, एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) नंबर कुठे मिळतो, हे इथे सांगत बसत नाही.

आधी मिळतं किती, कारण इथेच निम्म्या लोकांचा भ्रमनिरास होतो. मोटारीसाठी करवर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स आणि पुढच्या प्रत्येक मैलाला २५ पेन्स. २०११-१२ ला हा दर आला आणि २०२४-२५ चा दावाही त्याच दराने होतो, मधल्या काळात पेट्रोल कुठल्या कुठे गेलं तरी. गाडी डिझेलची असो वा विजेची, दर तोच. मोटारसायकलला २४, सायकलला २०. कंपनीने यापेक्षा कमी दिलं तर फरकाची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. फरक हातात मिळत नाही, फरकावरचा कर मिळतो. एवढं एक वाक्य नीट वाचलं तर पुढचा वैताग वाचेल.

होमकेअरमधलं, म्हणजे घरोघरी जाऊन रुग्णांची काळजी घेण्याच्या कामातलं, नेहमीचं उदाहरण घ्या: ६,४०० मैल, कंपनीचा दर २५. मान्य रक्कम २,८८० पौंड, मिळाले १,६००, फरक १,२८०. त्यावर वीस टक्के कर, म्हणजे २५६ पौंड परत. म्हणजे मैलाला ४ पेन्स. हा ४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २५ पेन्सच्या दरात वर्षाचा फरक २,००० पौंडांच्या वर जाऊच शकत नाही, कारण १०,००० मैलांनंतर मान्य दरही २५ च होतो. वीस टक्क्यांत ४०० पौंड ही कमाल. कंपनी ३० देत असेल तर गंमत उलटी: १०,००० मैलांना फरक १,५०० असतो आणि त्यापुढच्या प्रत्येक मैलाला ५ पेन्सने तो घटत जातो. ११,५०० मैलांवर तो १,४२५ उरतो. जास्त चालवून दावा कमी! स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी २० च्या जागी आपला कराचा टप्पा धरावा. २०२४-२५ ला तिथे १९, २०, २१, ४२, ४५, ४८ टक्के अशा पायऱ्या होत्या. नॅशनल इन्शुरन्सवर या फरकाची काहीही सवलत नाही. आणि वर्षाचं उत्पन्न १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्या आत असेल, कर कापलाच गेला नसेल, तर परत मिळायचं काय?

आता पोस्टकोड.

१४ ऑक्टोबर २०२४ पासून पुराव्याशिवाय हा दावा चालत नाही. पुरावा म्हणजे माइलेजची नोंदवही, आणि त्या नोंदवहीत प्रत्येक फेरीचं कारण, निघालात तिथला पोस्टकोड आणि पोचलात तिथला पोस्टकोड. प्रत्येक फेरी. दिवसाला नऊ भेटी देणाऱ्या माणसाच्या घराघरांतल्याच आठ फेऱ्या, म्हणजे सोळा पोस्टकोड. आठवड्याला पाच दिवस, वर्षाला शेचाळीस आठवडे धरले तर ३,६८० पोस्टकोड. नुसता ‘एलई४’ असा पोस्टकोडचा पहिला भाग लिहून भागत नाही, ते अख्खं उपनगर झालं. मागचे तीन वर्णही हवेत, आणि तिथेच शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल होते. नव्या वसाहतींचे पोस्टकोड काही नकाशांत वर्ष-वर्ष येत नाहीत. मोठ्या हॉस्पिटलच्या दोन टोकांच्या इमारतींना एकच पोस्टकोड असतो, मग नोंदीत सुरुवात आणि शेवट सारखाच दिसतो आणि अंतर १.१ मैल. कारण रकान्यात ‘एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगला’ लिहिलं नाही तर ती ओळ चुकीची वाटणार.

कंपन्यांच्या टाइमशीटमध्ये हे काहीच नसतं. तिथे ‘मंगळवार, ३१ मैल’ एवढंच. तोच कागद जोडून पाठवणारे खूप, आणि दावा अडतो तो तिथेच. कारण टाइमशीटवरून पैसे मिळाल्याचं कळतं, गाडी कुठून कुठे गेली ते कळत नाही.

यावर पहिला सल्ला सगळे देतात तो ॲपचा. जीपीएस चालू ठेवा, बाकी आपोआप. सुरुवातीला माझीही शिफारस तीच होती, ती आता मागे घेतो. एक तर बरीच ॲप्स पत्ता किंवा रस्त्याचं नाव नोंदवतात, कारण मात्र नाही. ते रोज रात्री बोटाने भरावंच लागतं. दुसरं, घर ते ऑफिस हा प्रवासही ॲप इमानेइतबारे मोजतं, आणि तो दाव्यात घुसला की बाकी खऱ्या मैलांवरचाही विश्वास जातो. तिसरं, पैसे. महिन्याला ५ पौंडांचं ॲप धरा, वर्षाचे ६०. मैलाला ४ पेन्स सुटतात, म्हणजे पहिले १,५०० मैल नुसते ॲपची वर्गणी फेडण्यात गेले. हे आपल्याला परवडणारं नाही.

त्यापेक्षा साधी स्प्रेडशीट, दोन पानांची. पहिल्या पानाचं नाव ‘ठिकाणं’: एका रकान्यात तुमचं टोपणनाव (‘जिन्याचं घर’, ‘क्लिनिक २’), शेजारी पूर्ण पोस्टकोड. दुसरं पान ‘फेऱ्या’: तारीख, कुठून, कुठे, मैल, कारण, कंपनीचा दर. कुठून-कुठे मध्ये फक्त टोपणनाव निवडायचं, पोस्टकोड व्हीलुकअप या सूत्राने आपोआप शेजारी येतो. त्या सूत्रात शेवटचा भाग ‘फॉल्स’ ठेवा, नाहीतर तो जवळपासचं नाव शोधून चुकीचा कोड चिकटवतो आणि ते कळतही नाही. पाठवताना टोपणनावांचे रकाने लपवा. रुग्णांची नावं नोंदवहीत घालायचीच नाहीत, कारणात ‘संध्याकाळची भेट, औषधं’ एवढं बास.

आणि इथे मत बदललं. ज्या रकान्याच्या नावाने एवढी बोटं मोडली, तो एकदा ‘ठिकाणं’ पानावर बसला की सगळ्यात कमी त्रास त्याचाच. तीसएक घरांच्या माणसाला एका संध्याकाळचं काम. उलट फायदा असा, की दोन पोस्टकोडांमधलं अंतर कुणीही नकाशावर तपासू शकतं, त्यामुळे २.७ मैल लिहिले असतील तर ते २.७ का, हे समजावत बसावं लागत नाही. मैल पूर्णांकात लिहू नका. सगळ्या ओळी ३, ५, १० अशा गोल दिसल्या की वर्षाअखेरीस एका बैठकीत बसून भरल्याचा वास येतो, आणि बहुतेक वेळा तसंच असतं. लांबच्या रस्त्याने जावं लागलं तर त्या ओळीत ‘रस्ता बंद’ लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला ओडोमीटरचा फोटो काढून ठेवला तर एकूण बेरजेला आधार मिळतो.

कोणते मैल धरायचे हा खरा गुंता, पण त्यावर बरंच लिहून झालेलं आहे, म्हणून आपल्या लोकांत चुकतं तेवढंच. घर ते कायमची कामाची जागा: नाही. वाटेत पोस्टात कंपनीचं पाकीट टाकलं तरी नाही. एका भेटीवरून दुसऱ्या भेटीला: हो. कामच एखाद्या ठरावीक भागापुरतं नेमलेलं असेल आणि तुम्ही त्या भागाबाहेर राहत असाल, तर घरापासून त्या भागाच्या हद्दीपर्यंतचं अंतर रोजची ये-जा समजलं जातं. आयटीवाल्यांना जास्त अडवतो तो चोवीस महिन्यांचा नियम. क्लायंटच्या जागी कामाचा ४० टक्के किंवा जास्त वेळ जाणार आणि हे चोवीस महिन्यांहून जास्त चालणार असं ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून सवलत बंद. चोवीस महिने पुरे होईपर्यंत थांबता येत नाही. करार वाढल्याचा ईमेल ज्या तारखेचा, तीच तारीख. अम्ब्रेला कंपनीतून (एजन्सी आणि काम करणारा यांच्यामध्ये राहून पगार देणारी कंपनी) काम करणाऱ्यांना २०१६ च्या एप्रिलपासून वेगळाच नियम आहे: क्लायंटच्या देखरेखीखाली काम असेल तर प्रत्येक नेमणूक स्वतंत्र नोकरी धरली जाते, मग घर ते साइट ही साधी ये-जाच.

पगारातून कापून घेतलेली इलेक्ट्रिक गाडी, अर्थात सॅलरी सॅक्रिफाइस, ही कंपनीची गाडी आहे. ती दारात उभी असली, हप्ता तुमच्या पगारातून जात असला तरी हे ४५ पेन्स तिला लागू नाहीत. उलट नवऱ्याची, बायकोची, भावाची गाडी कामाला वापरली तर चालते. कार अलाउन्सच्या बाबतीत मात्र लोक हकनाक पैसे सोडतात. महिन्याला ठरावीक रोख अलाउन्स पगारात, कर कापून, आणि वर मैलाला १२ पेन्स असं असेल तर फक्त ते १२ च वजा करायचे. फरक ३३ पेन्स. चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात ५,००० मैलांना १,६५० वर कर, ६६० पौंड. हे कुणी सोडू नये.

पेट्रोल, सर्व्हिसिंग, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), इन्शुरन्स सगळं त्या ४५ मध्ये आलं, वेगळ्या पावत्या जोडू नका. कामाच्या फेरीतलं पार्किंग, टोल, कंजेशन चार्ज (गर्दीच्या भागात गाडी नेण्याचं शुल्क) वेगळा मागता येतो. सहकाऱ्याला बरोबर नेल्याचे ५ पेन्स कंपनीने दिले तर करमुक्त, नाही दिले तर त्यावर दावा नाही. हा नियम कुणी का केला असेल देव जाणे. आणि इन्शुरन्स ‘बिझनेस यूज’सहित आहे ना हे आधी बघा. नुसत्या ये-जा करण्याच्या पॉलिसीवर भेटी देणं म्हणजे २५६ पौंडांसाठी गाडी पणाला लावणं.

फॉर्म भरण्यात विशेष काही नाही. एका वर्षाचा एक दावा, एका नोकरीची एक नोंदवही. पीएवायई रेफरन्स (कंपनीचा कर-क्रमांक) पी६० वरून, म्हणजे वर्षाच्या पगार-कराच्या दाखल्यावरून, जसाच्या तसा उतरवा, मधल्या तिरक्या रेघेसकट. वर्षाचा एकूण खर्च २,५०० पौंडांच्या वर गेला तर पी८७ चालत नाही, सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः टॅक्स रिटर्न, करावं लागतं. कंपनी काहीच देत नसेल तर ही मर्यादा ५,५५५ मैलांनाच येते. आधीपासून रिटर्न भरत असाल तर एसए१०२ (रिटर्नमधलं नोकरीचं पान) मधला १७ वा रकाना. मागची चार करवर्षं मागता येतात, २०२२-२३ चा दावा ५ एप्रिल २०२७ पर्यंत. ‘तुमचा रिफंड आम्ही काढतो’ म्हणणारे एजंट कमिशन घेऊनही नोंदवही तुमच्याचकडून मागतात, मग त्यांचं काम उरलं काय?

एक गोष्ट दावा मंजूर झाल्यावरची. मागच्या वर्षाचा परतावा मिळतो तसा तोच खर्च पुढच्या वर्षीही होईल असं धरून टॅक्स कोड (किती पगार करमुक्त धरायचा हे कंपनीला सांगणारा कोड) बदलला जाऊ शकतो. १,२८० पौंडांच्या दाव्यावर १२५७एल चा १३८५एल होतो. पगार थोडा वाढलेला दिसतो, बरं वाटतं. मग शिफ्ट बदलते, मैल निम्म्यावर येतात, कोड तसाच राहतो आणि वर्षाअखेरीस कमी कापलेला कर वसुलीला येतो. मैल बदलले की करखात्याच्या ऑनलाइन पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये जाऊन खर्चाचा अंदाज खाली आणा. पाच मिनिटांचं काम.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या प्रवासी-सहकाऱ्याच्या ५ पेन्सांसाठी कापला, एक मैलामागच्या ४ पेन्सांसाठी.

कागदी फॉर्म पाठवताना नोंदवहीची प्रत पाठवा, मूळ नाही, आणि प्रत्येक पानावर एनआय नंबर लिहा. पाकिटावर ‘पे ॲज यू अर्न, एचएम रेव्हेन्यू अँड कस्टम्स, बीएक्स९ १एएस’. रस्ता नाही, इमारत नाही, गावही नाही. तो पोस्टकोड नकाशावर शोधू नका, तो कुठल्याच गावाचा नाही.