जर्मन पूर्वजाचं मूळ गाव: जहाजाची यादी धरावी की चर्चची वही?

अमेरिकेतल्या मराठी घरांत जर्मन आडनावाची सून किंवा जावई असणं आता नवं राहिलेलं नाही. नातवंडांचा वंशवृक्ष मांडायला बसलं की आपली बाजू कुलवृत्तान्त आणि भाऊबंदांच्या आठवणींवर बरीच मागे जाते. दुसरी बाजू मात्र विस्कॉन्सिन, ओहायो किंवा मिझुरीतल्या एखाद्या शेतावर १८६०-७० च्या सुमारास येऊन अडते. तिथून पुढे जायला गावाचं नाव लागतं, नुसतं आडनाव पुरत नाही. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय वही उघडण्याआधी मूळ गाव विचारतात, तसंच जर्मनीतही आहे. साऱ्या देशाची एकत्र अशी जुनी नोंदवही तिथे नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी चर्चच्या पॅरिशनिहाय, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे झाल्या. सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ ला आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर मात्र फ्रेंच अमलामुळे ती १७९८ पासून आहे. तेव्हा ‘प्रशिया’ एवढंच हाती असेल तर पश्चिमेच्या ऱ्हाइनलँडपासून पूर्वेच्या क्योनिग्सबर्गपर्यंतचा मुलूख समोर असतो.

गावाचं नाव काढायच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक जहाजाच्या प्रवासी याद्यांची, दुसरी पूर्वज अमेरिकेत ज्या जर्मन मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात) जात होता तिथल्या चर्चच्या वहीची. दोन्ही मी वापरल्या आहेत आणि माझा कल दुसरीकडे आहे. तुमच्या घराण्याची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून पहिलीचं देणंही नीट सांगतो.

त्याआधी घरातल्या कथांबद्दल थोडं, कारण दोन्ही वाटांची सुरुवात तिथूनच होते. ‘आमचे लोक ब्रेमेनचे’ असं घरात सांगत असतील तर बहुतेक वेळा ते बंदराचं नाव असतं. पूर्वज ब्रेमेनहून जहाजात बसला आणि तिसऱ्या पिढीत ते त्याचं गाव झालं. हॅम्बर्गचंही तेच. ‘एलिस आयलंडवर साहेबाने आडनाव बदललं’ ही कथा सोडून द्या. न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं ते ठाणं १ जानेवारी १८९२ ला उघडलं, तर जर्मनांची सर्वांत मोठी लाट १८८२ ची, त्या एका वर्षात सुमारे अडीच लाख माणसं आली. शिवाय प्रवाशांची यादी जहाज कंपनी निघण्याच्या बंदरातच तयार करायची. न्यूयॉर्कचा अधिकारी तिच्यावरून फक्त पडताळा घ्यायचा. आडनावं बदलली ती नंतर, शाळेत, गिरणीत, आणि १९१७-१८ मध्ये जर्मनविरोधी वातावरणात. श्मिटचा स्मिथ झाला, त्सिमरमानचा कार्पेंटर, कोखचा कुक.

‘लष्करभरती चुकवून पळाला’ ही कथा मात्र तपासण्याजोगी आहे. परवानगीविना गेलेल्या भरतीच्या वयाच्या तरुणांच्या नोटिसा सरकारी पत्रांत छापल्या जात. बाडेन आणि व्युर्टेमबर्गच्या स्थलांतराच्या फायलींची सूची राज्य अभिलेखागाराने ऑनलाइन दिली आहे, त्यात नाव टाकून पाहायला पाच मिनिटं लागतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘गाव कोणतं?’ असं थेट विचारलं तर उत्तर येत नाही. पत्रं कोणाची यायची, शेजारचं शेत कोणाचं होतं, मयताला कुठलं चर्च, आजी प्लाटडॉइच बोलायची का, असं विचारा. प्लाटडॉइच ही उत्तर जर्मनीची बोली, म्हणजे घराणं उत्तरेकडचं. गावाचं नाव कानावर आलं तर ते आधी देवनागरीत उतरवा. इंग्रजी स्पेलिंग लगेच ठरवलं की उच्चार हरवतो आणि पुढे नकाशावर शोधायला नेमका तोच लागतो. मग कागद. कुटुंबाच्या बायबलची आधीची कोरी पानं, जुन्या फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, पाकिटावरची टपालमोहोर आणि थडग्याच्या दगडावर ‘गेबोरेन’ (जन्म) नंतर कोरलेला मजकूर, हे सगळं पाहून घ्या.

आता जहाजाच्या याद्या. हॅम्बर्गच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या आहेत, मध्ये पहिल्या महायुद्धाचा खंड सोडून. त्यांत नाव, वय, धंदा आणि आधीचं राहण्याचं ठिकाण असतं. लिहिणारा कारकून जर्मन असल्यामुळे गावाचं नाव बहुधा शुद्ध येतं. हे या वाटेचं खरं बलस्थान. मात्र रकाना ‘आधीच्या वास्तव्या’चा आहे, जन्मगावाचा नाही. सुतार, शिंपी, चांभार अशी फिरस्ती करणारी कारागीर मंडळी चार वर्षं तिसऱ्याच गावात राहून निघालेली असतात.

ब्रेमेनची गोष्ट वाईट आहे. १८७५ पासून १९०८ पर्यंत तिथे जागेअभावी तीन वर्षांपेक्षा जुन्या याद्या नष्ट करत असत आणि उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज हाती आहेत त्या १९२० ते १९३९ च्या. आपल्याला हवा तो काळ तिथे नाहीच. अशा वेळी अमेरिकेच्या बाजूच्या आगमन याद्यांवर भागवावं लागतं. त्या १८२० पासून आहेत, पण एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक याद्यांत मूळ ठिकाण म्हणून फक्त देश किंवा संस्थान लिहिलेलं असतं. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांतही तेच, कोणत्या राजाची निष्ठा सोडली एवढंच कळतं. २७ सप्टेंबर १९०६ पासून ठरावीक नमुना आला आणि त्यात जन्मगाव व जहाजाचं नाव येऊ लागलं.

हे सगळं चालवून घेता येतं. माझं पारडं झुकलं ते एका वेगळ्याच कटकटीमुळे: यादीतला माणूस आपलाच आहे हे यादी कधीच सिद्ध करून देत नाही.

‘योहान श्मिट, वय २४, शेतकरी’ असा शोध टाकला की त्याच वर्षीचे अनेक योहान श्मिट समोर येतात. आईबापांचं नाव नाही, लग्नाची नोंद नाही, कुठे जाणार त्या जागी ‘अमेरिका’ किंवा ‘न्यूयॉर्क’. वय अंदाजे सांगितलेलं. त्यातून योहान हे बऱ्याच मुलांना लावलेलं पहिलं नाव. घरात हाक मारायचं नाव दुसरं किंवा तिसरं असतं. भावाभावांची पहिली नावं एकच असतात आणि यादीत नेमकं तेवढंच येतं. बायको आणि चार मुलांसह आलेला माणूस मुलांच्या नावांवरून आणि वयांवरून ओळखता येतो, हे मान्य. पण एकट्या आलेल्या तरुणाच्या बाबतीत आपण ‘हाच असेल’ म्हणून एक निवडतो, त्याच्या गावाच्या नोंदी काढतो, चार पिढ्या मागे जातो आणि ते झाड दुसऱ्याच घराण्याचं निघू शकतं. ऑनलाइन वृक्षांत असं एकदा चढलं की पुढचे लोक डोळे मिटून ते उतरवून घेतात. मला पाहायला मिळालेल्या चुकांपैकी बऱ्याच या एकाच जागी उगम पावलेल्या आहेत.

चर्चच्या वहीत हा प्रश्न मुळातून सुटतो. लग्नाच्या नोंदीत नवरा, नवरी, बऱ्याचदा दोघांचे वडील आणि ‘अमुक गावचा, हॅनोव्हर’ असं एकाच ओळीत असतं. नवरीचं नाव आपल्याला घरच्या बायबलवरून आधीच ठाऊक असतं. ओळख पटवायला आणखी काही लागत नाही. शिवाय लिहिणारा पाद्री स्वतः जर्मन, अनेकदा त्याच मुलखातला. इंग्रजी कारकून ब-प, ड-ट, ग-क यांची जी गल्लत करतो ती इथे फारशी होत नाही.

मंडळी कोणती हे ठरवणं सोपं आहे, पण क्रम पाळावा लागतो. काउंटीच्या कचेरीतून लग्नाची नोंद काढा. तिच्यावर लग्न लावणाऱ्या पाद्र्याचं नाव आणि सही असते. त्या वर्षीच्या शहराच्या डिरेक्टरीत तो पाद्री कोणत्या चर्चचा होता ते बघा. चर्च चालू असेल तर वही तिथेच असते. बंद पडलं किंवा दुसऱ्यात विलीन झालं असेल तर ती पंथाच्या किंवा डायोसिसच्या (बिशपच्या प्रांताच्या) अभिलेखागारात जाते. मिझुरी सिनॉडच्या, म्हणजे १८४७ मध्ये स्थापन झालेल्या ल्यूथरन पंथाच्या मंडळ्यांसाठी सेंट लुईसचं कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट विचारून पाहावं. जुन्या जर्मन इव्हँजेलिकल मंडळ्या आज युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये आहेत, नावावरून त्यांचं मूळ कळत नाही.

पत्र लिहिताना उतारा मागू नका, मूळ पानाचा फोटो मागा. उतारा करणाऱ्याला जुनी लिपी येत नसेल तर नेमकं गावाचं नावच बिघडतं. लग्न, पहिल्या दोन-तीन मुलांचे बाप्तिस्मे आणि मृत्यू अशा तिन्ही प्रकारच्या नोंदी मागा. बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा भाऊ, मेहुणे किंवा त्याच गावचे लोक असतात. पूर्वजाच्या नोंदीत गाव नसलं तर साक्षीदाराच्या स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत सापडतं. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाची नोंद मृत्यूची. तिथे वय वर्षं, महिने, दिवस असं देतात. १४ मार्च १८९९ ला मृत्यू आणि वय ६७ वर्षं ३ महिने १२ दिवस, तर वजाबाकी करून जन्म २ डिसेंबर १८३१. जर्मनीतल्या पॅरिशच्या वहीत त्याच तारखेला, किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने, त्याच नावाचा जन्म मिळाला की शंकेला जागा उरत नाही. असा पुरावा कुठल्याही प्रवासी यादीने मला दिलेला नाही.

या वाटेचे त्रासही आहेत. चर्च जळलेली असतात, कार्यालयं महिनोन्‌महिने उत्तर देत नाहीत, काही पाद्री ‘डॉइचलांड’ एवढं लिहून मोकळे झालेले असतात. कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये असतात, विल्हेल्मचा गुइलिएल्मुस आणि लुडविगचा लुडोविकुस होतो, आणि गावाच्या बाबतीत त्या हात आखडता घेतात. १८४८ च्या क्रांतीनंतर आलेल्यांत चर्चची पायरीही न चढणारे बरेच होते. ज्यू घराण्यांची वाट तर पूर्ण वेगळी आहे.

लिपीचा बाऊ करू नका, पण सवय लागते. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘ई’ (e) हुबेहूब ‘एन’सारखा (n) दिसतो आणि ‘यू’वर (u) एक छोटी कमान असते. पानावरचे ओळखीचे शब्द, योहान, महिन्यांची नावं, घेऊन त्या पाद्र्याच्या हाताची मुळाक्षरं कागदावर काढा आणि मग गावाच्या नावाला हात घाला. एक सापळा लक्षात असू द्या: वहीत ‘७बेर’ दिसलं तर तो सप्टेंबर, जुलै नाही. ‘८बेर’ ऑक्टोबर, ‘९बेर’ नोव्हेंबर, ‘१०बेर’ डिसेंबर. स्त्रियांच्या आडनावाला शेवटी ‘इन’ लागतं, म्युलरिन म्हणजे म्युलरच.

गाव मिळालं की मायर्स गॅझेटियर उघडा. जर्मन साम्राज्यातल्या गावांच्या १९१२ च्या या कोशाची ऑनलाइन आवृत्ती मोफत आहे आणि न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी फुली (*) टाकून शोधता येतं. नोयश्टाट, होल्त्सहाउझेन अशी गावं ढिगाने आहेत, म्हणून जिल्हा पक्का केल्याशिवाय पुढे जाऊ नका. लहान वस्तीला स्वतःचं चर्च नसतं. जवळची पॅरिश कोणती आणि किती दूर हे तिथेच दिसतं. पुढे वह्यांची संकेतस्थळं: घराणं प्रोटेस्टंट असेल तर आर्किऑन, सशुल्क. कॅथलिक असेल तर माट्रिकुला, मोफत. फॅमिलीसर्च दोघांसाठी. व्युर्टेमबर्गचं घराणं असेल तर नशीब चांगलं म्हणायचं: १८०८ पासून तिथे कुटुंबागणिक एक पान ठेवत, आणि कोण अमेरिकेला गेलं तेही बऱ्याचदा त्यावर टिपलेलं असतं.

मग यादी कुणी धरावी? ज्यांचा पूर्वज १९०७ नंतर आला त्यांनी बेलाशक, कारण तेव्हापासून यादीत जन्मठिकाण आणि मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचा पत्ता येऊ लागला. ज्यांचं सगळं कुटुंब मुलाबाळांसह हॅम्बर्गहून निघालं त्यांनीही. थेट जहाजांच्या याद्यांत ते कुटुंब सापडलं नाही तर ‘अप्रत्यक्ष’ याद्या जरूर पाहा. स्वस्तात जाणारे हॅम्बर्गहून इंग्लंडमधलं हल बंदर, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग अमेरिका असे जात, आणि त्यांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पोझेनकडच्या, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या भागातल्या घराण्यांनी आधी पोझ्नान प्रोजेक्टची एकोणिसाव्या शतकातल्या लग्नांची सूची चाळावी. बाकीच्यांनी, म्हणजे विशेषतः ज्यांचा पूर्वज १८५० ते १८९० च्या दरम्यान एकटा आणि ब्रेमेनहून आला, त्यांनी काउंटीच्या कचेरीला लग्नाच्या नोंदीसाठी पत्र टाकूनच सुरुवात करावी.