एक दात कमी: नऊ महिने पुढचं चाक उचलल्यावर डीआर-झेड ४०० बद्दल

रविवारी गाडी धुताना डाव्या फोर्कच्या नळीवर तेलाची चकचकीत रेघ दिसली. बोट फिरवलं तर बोट ओलं. ऑइल सील, म्हणजे फोर्कमधलं तेल आत अडवणारं रबरी कडं, गेलं. चूक गाडीची नाही, माझीच. नऊ महिने पुढचं चाक वर नेतोय आणि त्यातले पहिले तीन महिने ते चाक मी खाली ठेवत नव्हतो, आपटत होतो. आता गाडी ठोकळ्यावर आहे, नवीन सीलची वाट बघतोय, हात रिकामे आहेत, म्हणून सगळा हिशोब लिहून टाकतो.

गाडी सुझुकी डीआर-झेड ४०० एस, जुनी कार्ब्युरेटरवाली, सेकंडहँड घेतलेली. वजन, टाकी, सीटची उंची ज्याला हवी त्याला तोंडपाठ असते, ते सोडतो. पंचेचाळिशी ओलांडल्यावर व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं, शिकायचं खूळ कुठून आलं हे विचारू नका, घरचे विचारून थकले. सराव बंद आवारात, बूट, गुडघ्याचे पॅड, पूर्ण हेल्मेट घालून. रस्त्यावर एकदाही नाही.

सुरुवातीला माझी ठाम समजूत होती की चाक उठत नाही म्हणजे इंजिनात दम कमी आहे. मग दम विकत आणायला निघालो. पहिला आला बाहेरचा सायलेन्सर, पाइपसकट. मग एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण कापून तीन इंच बाय तीन इंचाची खिडकी केली. या गाडीवाल्यांत हा प्रकार इतका रुळलाय की '३ बाय ३' एवढं म्हटलं तरी समजतं. हवा जास्त जाणार म्हणून पेट्रोलही जास्त हवं, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये मोठा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक. गाडी सुरू केली आणि काय तो आवाज! शेजारचा कुत्रा गॅलरीतून आत पळाला. मी खूश.

चाक मात्र जमिनीवरच.

शिवाय थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडला की सायलेन्सरमधून फट-फट-फट सुरू. मी म्हटलं मिश्रण पातळ झालंय, पेट्रोल कमी पडतंय. आणखी मोठा जेट घातला. फटफट तशीच. त्याहून मोठा घातला. आता वरच्या आरपीएमला गाडी गुदमरायला लागली आणि फटफट तरीही तशीच. सायलेन्सर देणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "नवा पाइप आहे, बसायला वेळ लागतो." दोन महिने मी त्याला बसायला वेळ दिला. शेवटी एका संध्याकाळी इंजिन चालू ठेवून पाइपच्या जोडाजवळ हात नेला तर तळव्याला गरम हवेचे ठोके लागले. जोडातली फट बंद करणारं गॅस्केटच नव्हतं. खोक्यात आलंच नव्हतं. पुन्हा फोन. "ते वेगळं घ्यावं लागतं." हे वाक्य पैसे घेताना का सुचलं नाही, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

थ्रॉटल बंद असताना त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि पाइपात उरलेलं न जळलेलं पेट्रोल तिथेच पेट घ्यायचं. फटफट त्याची. आणि माझा मूर्खपणा दुहेरी, कारण थ्रॉटल बंद असताना मेन जेटचा काही संबंधच नसतो. मेन जेटची सत्ता साधारण पाऊण थ्रॉटलच्या वर. खाली पायलट जेट, म्हणजे छोटं भोक, आणि मध्ये नीडल, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी निमुळती सुई. म्हणजे फटफट तळमजल्यावर आणि मी गच्चीवर जाऊन दुरुस्ती करत होतो. गॅस्केट बसवलं, जेट दोन नंबर खाली आणला, गाडी शांत झाली. तोवर तीन महिने गेले होते.

आता स्प्रॉकेटबद्दल, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीबद्दल. या लेखात हेच जास्त येणार, आधीच सांगतो.

कंपनीचं गिअरिंग पुढे १५ दात, मागे ४४. ही गाडी रस्त्यावरही चालायची असते, म्हणून ते बरोबरच आहे. एका जुन्या मेकॅनिकने माझी सगळी रामकहाणी ऐकून घेतली आणि हात पुसत एवढंच विचारलं, "पुढे चौदाचं टाकलंत का?" टाकलं नव्हतं. मला ते फारच साधं वाटलं होतं. तळहातावर मावणारी लोखंडी चकती, ती काय करणार!

चेनचं कव्हर काढलं. आत चिखल आणि चेनचं वंगण मिळून काळी पोळी झाली होती, ती स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली. नटाखालच्या वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ केली. पहिल्या गिअरमध्ये गाडी, मागच्या ब्रेकवर मित्राचा पाय, आणि लांब दांड्याच्या पान्ह्यावर मी. नट सुटताना असा कडाड आवाज आला की काहीतरी तुटलं म्हणून दोघंही गप्प झालो. काही तुटलं नव्हतं. चौदाचं बसवलं, वॉशरची कड परत नटावर वाकवली, मागचं चाक ओढून चेन ताणली. सगळं मिळून पाऊण तास.

त्याच दिवशी पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाहून थोडं जास्त, थ्रॉटल मिटला, फोर्क दबला, तो वर येत असतानाच थ्रॉटल उघडला आणि हँडल हलकं झालं. दिव्याच्या वर आकाश आलं. मी घाबरून थ्रॉटल सोडला आणि गाडी धाडकन खाली. त्या ऑइल सीलची कहाणी बहुतेक तिथेच सुरू झाली.

४४ भागिले १५ म्हणजे २.९३. ४४ भागिले १४ म्हणजे ३.१४. मागच्या चाकावर येणारा जोर सुमारे ७ टक्के वाढला, आणि तो प्रत्येक गिअरमध्ये, अगदी तळापासून. इंजिनातून हेच मिळवायचं तर सगळ्या आरपीएमला ७ टक्के जास्त टॉर्क हवा. नुसत्या सायलेन्सरने तो येत नाही. त्याने जे थोडंफार मिळतं ते बहुधा वरच्या आरपीएमला, आणि तिथे मी व्हीलीसाठी कधी जातच नाही. मागे हाच परिणाम हवा असेल तर तीन दात वाढवावे लागतात, चेनही बहुधा लांब घ्यावी लागते. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, हे मला नऊ महिन्यांत कुणी आधी सांगितलं असतं तर! बदल्यात, ज्या आरपीएमला आधी १०० चा वेग होता तिथे आता ९३. लांबच्या प्रवासात इंजिन जरा जास्त ओरडतं. मला चालतं, कारण माझा प्रवासच तीनशे मीटरचा, तोही परत फिरून. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे तो खोटं बोलायला लागला नाही. एक गंमत म्हणजे पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन सैल पडते आणि ताणताना मागचं चाक थोडं मागे जातं. गाडी केसभर लांब होते, म्हणजे उचलायला केसभर जड. सात टक्क्यांपुढे ते जाणवत नाही, पण मला रात्री झोप लागेना म्हणून लिहिलं.

इथपर्यंत लिहून मी काल उठलो आणि मनात आलं, सायलेन्सरला शिव्या घालतोय खऱ्या, पण पडताळून पाहिलंय कुठे? पाहिलं होतं, मागच्याच महिन्यात, फक्त कबूल करायचं जिवावर आलं होतं. कंपनीचा जुना सायलेन्सर परत लावून दोन रविवार गाडी चालवली. चाक तेवढंच उठतं, तेवढ्याच सहज. उलट आवाज कमी असल्यामुळे इंजिन कधी मंदावतंय ते नीट ऐकू आलं. फरक एकच, जुना सायलेन्सर जड आहे. त्यामुळे आता माझं मत असं की त्या पाइपचे पैसे वजन कमी करण्यात गेले. त्या पैशात चौदाची किती स्प्रॉकेट आली असती हा भागाकार मी एकदाच केला, परत करणार नाही.

कार्ब्युरेटरबद्दल मात्र मत उलट फिरलं. मेन जेटने काही दिलं नाही, पण नीडल वर उचलल्याने दिलं. नीडलखाली एक बारीक वॉशर, बस. व्हीलीत थ्रॉटल पाव ते अर्धा याच पट्ट्यात खेळतो आणि तिथे नीडलचं राज्य. आधी पाव थ्रॉटलच्या आसपास गाडी क्षणभर विचार करायची, आता करत नाही. थोडी करतेच, कारण या एस मॉडेलचा मिकुनी कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर चालणारा आहे. तुम्ही थ्रॉटल झटकन उघडलात तरी आतला स्लाइड, म्हणजे नीडल धरणारा सरकता दट्ट्या, आपल्या चालीने वर येतो. याच गाडीच्या ई मॉडेलवरच्या केहिन एफसीआर ३९ कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप असतो, तो झटका याला नाही. शिकणाऱ्याला हे दुर्गुण वाटतात. मला आता उपकार वाटतात. माझ्यासारख्या नवशिक्याच्या हाताखाली तो झटका असता तर मी पाठीवर पडलो असतो.

पडलो नाही याचं खरं श्रेय मागच्या ब्रेकला. चाक जास्त वर गेलं की थ्रॉटल मिटून भागत नाही, वेळ गेलेली असते. मागचा ब्रेक किंचित दाबला की गाडी आपोआप नाक खाली घालते. माझ्या जाड बुटाला पेडल खालच्या बाजूला पडत होतं, ते थोडं वर घेतलं तेव्हा कुठे पाय तिथे तरंगत राहायला लागला. पाच मिनिटांचं काम, सहाव्या महिन्यात केलं. उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, थोडा धरून ठेवायचा. चाक मऊ टेकतं. हे सील गेल्यावर शिकलो असं नाही, पण सीलला उशिरा कळलं.

बाकी झीज. हँडल मधोमध आणलं की बेअरिंगमध्ये बारीक खाच लागल्यासारखी जाणवते. चेन पूर्वीपेक्षा लवकर सैल होते. क्लच अजून ठीक आहे, कारण दुसऱ्या गिअरमध्ये क्लच झटकून उचलायचा प्रकार मी आठवड्यातून चार-पाच वेळाच करतो, वास आला की बंद. सीलखाली अडकलेली घाण आधी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने काढून पाहिली होती. चार दिवस गळती थांबली, पाचव्या दिवशी परत.

हवेत गेल्यावर पुढचं चाक लगेच थांबत नाही, स्वतःच्या गतीने फिरत राहतं आणि स्पीडोमीटरचा आकडा एकेक करून उतरत जातो. परवा तो २१ पर्यंत उतरलेला पाहिला, मग चाक टेकलं, टायर किंचित किंचाळला आणि आकडा एकदम ३४ वर उडी मारून बसला. आजवरचा माझा सर्वात लांब प्रयत्न.

तेराचं स्प्रॉकेटही आणून ठेवलंय. तेराला चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरावर घासते, लहान वळणामुळे लवकर झिजते, हे सगळं माहीत असून आणलं. ४४ भागिले १३ म्हणजे ३.३८. पाकीट अजून फोडलेलं नाही. सील आधी येऊ दे.