पेठेतील वाचनालय : अकरा महिन्यांचा वापर आणि चार रुपयांचा दंड

गणेश चतुर्थीला परत करावयाचे पुस्तक मी पाचव्या दिवशी, दार उघडण्याआधीपासून पायरीवर उभे राहून परत केले आणि तरीही माझ्याकडून चार रुपये दंड घेण्यात आला. मधले चारही दिवस गौरी-गणपतीमुळे खुद्द वाचनालयालाच कुलूप होते. हे मी देवघेवीच्या टेबलावर सांगितले, तेव्हा तिथल्या ताईंनी पुस्तकामागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरील शिक्क्यावर बोट ठेवून "तारीख तर हीच आहे ना, काका?" असे विचारले. तारीख हीच आहे, हेच तर माझे गाऱ्हाणे होते.

वर्गणी, अनामत आणि एका वेळी मिळणारी पुस्तके यांची माहिती दारातल्या फलकावर आहे, ती येथे देत नाही. जानेवारीत सभासद झाल्यापासून मी सरासरी आठवड्याला एक पुस्तक नेले आहे, आणि विकत घ्यावयाच्या पुस्तकांच्या किमती पाहता वर्षाची वर्गणी पहिल्या दोन महिन्यांतच वसूल झाली, हे कबूल केले पाहिजे. परंतु वसूल झालेल्या वर्गणीने अन्यायाने घेतलेला दंड फिटत नाही.

दोष कशात आहे हे मी पुढचे काही दिवस टेबलाजवळ रेंगाळून पाहिले. रोज सकाळी तारखेच्या रबरी शिक्क्याची चाके फिरवून दहा दिवसांपुढची तारीख लावली जाते आणि दिवसभर प्रत्येक चिठ्ठीवर तीच उमटते. चाके फिरवणारा माणूस दिनदर्शिकेकडे पाहत नाही, कारण दिनदर्शिका मागच्या भिंतीवर, कपाटाच्या आड टांगलेली आहे. दंडाच्या वहीत मात्र दिवस मोजताना सुट्टी वगळण्यासाठी रकानाच नाही. मी लेखी नियम मागितला, तेव्हा ग्रंथपालांनी शांतपणे सांगितले की दंडाचा नियम कार्यकारी मंडळ करते, आणि मला काही म्हणायचे असेल तर सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा आहे.

तोपर्यंत मी मुक्तद्वार विभागात बसू लागलो, तेही खरे तर रागाने, कारण तिथे काहीच द्यावे लागत नाही. उतरत्या फळीच्या लाकडी स्टँडवर लोखंडी दांडीखाली अडकवलेली वर्तमानपत्रे सकाळी आठला उभ्यानेच वाचली जातात. पंख्याचे रेग्युलेटर कुलूपबंद लाकडी पेटीत आहेत; पंखा वाढवला की पाने फडफडतात म्हणून ज्येष्ठ मंडळी ओरडतात, कमी केला की अभ्यासिकेतून जागा न मिळाल्याने इकडे आलेली स्पर्धा परीक्षांची मुले घामाघूम होतात, आणि या तंट्यावर काढलेला हा तोडगा दोन्ही बाजूंना सारखाच नापसंत आहे. तरी याच विभागात मी एक वेगळी गोष्ट पाहिली. नगरपालिकेच्या प्रभागरचनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी जाहीर सूचना मोठ्याने वाचून दाखवली, दोन परीक्षार्थी मुलांनी नकाशावर आपल्या गल्ल्या शोधल्या आणि आमची आळी मध्येच तोडून दोन प्रभागांत टाकल्याबद्दलची हरकत तिथेच पाठकोऱ्या कागदावर लिहिली गेली. मुदतीत ती दाखल झाली. पंख्यावरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या सह्या तिच्याखाली आहेत.

सभेला मी चार रुपयांची पावती घेऊन गेलो. बाराशेच्या घरात सभासद असलेल्या संस्थेच्या सभेला 29 जण आले होते, म्हणून गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच जागी तेवढ्याच माणसांत पुन्हा भरली. तोपर्यंत मी वार्षिक अहवाल वाचला आणि येथे माझे मत थोडे बदलले. तमिळनाडूत 1948 च्या कायद्यापासून मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर वसूल होतो. आपल्या 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात असा कर नाही. आपली वाचनालये नोंदणीकृत संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार परिरक्षण अनुदान देते. ते 2022 साली 60 टक्क्यांनी वाढवण्यात आले, तरी कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी नाही, आणि आमच्याकडे अनुदानाचा हप्ता येईपर्यंत पगार सभासदांच्या वर्गणीतून भागवले जातात. देवघेवीच्या ताईंचा महिन्याचा पगार मी त्या तक्त्यात पाहिला. तो येथे लिहिण्याजोगा नाही. त्यांच्यावर मी आवाज चढवला होता, याची मला त्या वेळी लाज वाटली.

नियमाविषयीचे माझे मत मात्र बदलले नाही. पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा 1848 पासूनची आणि नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची 1840 पासूनची सांगितली जाते. आमचे वाचनालय एवढे जुने नसले तरी शंभरी ओलांडलेले आहे, आणि एवढ्या वर्षांत सुट्टीच्या दिवसाचा दंड घेऊ नये हे कोणाला सुचले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. ऐनवेळच्या विषयांत मी ठराव मांडला की परतीची तारीख सुट्टीच्या दिवशी येत असल्यास पुढील कामकाजाचा दिवस धरावा. अनुमोदन पंखा कमी ठेवणाऱ्या पक्षाच्या एका गृहस्थांनी दिले. ठराव संमत झाला. कार्यवाहांनी हसून, वर्षभराच्या सुट्ट्यांचा तक्ता करण्याचे काम माझ्याच गळ्यात घातले.

तो तक्ता मी पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून शिक्क्याच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, म्हणजे डबी उघडल्याशिवाय शिक्का निघत नाही आणि तक्ता दिसल्याशिवाय डबी उघडत नाही. दिवाळीत त्याची परीक्षा झाली. दिवाळी अंकांच्या योजनेत जेवढे पैसे भरले, तेवढ्यात बाहेर जेमतेम एक अंक आला असता. मी आतापर्यंत नऊ वाचले. त्यांपैकी पहिल्या अंकाची परतीची तारीख लक्ष्मीपूजनाला येत होती, पण चिठ्ठीवर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा शिक्का होता. ताईंनी तो न बोलता माझ्यासमोर धरला.

चार रुपये परत मिळालेले नाहीत. ठराव मागील तारखेपासून लागू होत नाही आणि रक्कम 'संकीर्ण जमा' या शीर्षाखाली नोंदली गेली आहे, असे मला सांगण्यात आले. पुढील वर्षाची वर्गणी मी भरली आहे, पावती जपून ठेवली आहे आणि येत्या सप्टेंबरच्या ताळेबंदात ते शीर्ष मी तपासणार आहे.